फक्त वजनकाट्यावर विसंबू नका

आरोग्य पुरवणीतील पुरुषांच्या वजनाविषयीच्या लेखात बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा आकडा) २५च्या आत असल्यास निर्धास्त राहा, असा सल्ला आहे. भारतीय पुरुषांसाठी तो धोक्याचा वाटतो. आशियाई लोकांत २३पासूनच मधुमेह, हृदयविकाराची जोखीम वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्येच सुचवले होते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, असे पुरुष तर आपल्याकडे घरोघरी दिसतात. त्यांनी कमरेचा घेरही मोजावा. तो ९० सेंटिमीटरपर्यंत पोहोचला असेल, तर वजन ‘योग्य’ असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

– एक वाचक, सातारा