वीर म्हणण्यापूर्वी

महोदय,

देवळालीच्या तोफखान्याशेजारी राहणाऱ्या आम्हा नाशिककरांना लष्कराविषयीचा आदर कोणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच हे लिहीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागूनही झुंजलेल्या आणि पुढे दगावलेल्या ‘झूम’ या लष्करी श्वानाला आपण वीर म्हटले, परंतु जिवावर उदार होण्यासाठी लागणारी संमती त्याने कधी दिलीच नव्हती. साधारण २०१५ पर्यंत तर सेवेस निरुपयोगी ठरलेल्या श्वानांना ‘दयामरण’ (शब्द किती सोयीचा!) दिले जात असे. भूसुरुंग हुंगून शोधण्यासाठी श्वान लागतात, हे मान्य; मात्र त्यांच्या म्हातारपणाचा भार संरक्षण खात्यानेच उचलावा, दत्तक घेणाऱ्यांच्या हौसेवर सोडू नये.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक