कुटुंब न्यायालयाचा आदेश पाळून घ्यायचा कोणी? विधी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व विधायी कार्य मंत्री,
मध्य प्रदेश शासन, वल्लभ भवन, भोपाळ

महोदय,

सादर नमस्कार. आपली दिवाळी आनंदात गेली असेल अशी आशा करते. आमची कशी गेली ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. आपल्या कार्यालयाला ते हिंदीत पाठवलंच आहे. इथे मराठीत लिहिते, कारण इंदूरच्या माझ्या मराठी माणसांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

माझी मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. मुलगी माझ्याजवळ असते, मुलगा त्याच्या वडिलांजवळ. दोन्ही घरं इंदुरातच आहेत. न्यायालयाचा आदेश असा, की पाडव्याच्या सकाळी दहा वाजता मुलगा माझ्याकडे येईल आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी परत जाईल. शिवाय महिन्यातून दोन शनिवारी भेट. आदेशावर सही आहे, शिक्का आहे, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर तो झालेला आहे. पाडव्याला मुलगा आला नाही. भाऊबीजेलाही आला नाही. फोन बंद होता. दुपारी जाऊन पाहिलं तर फाटकाला कुलूप. लेकीनं सकाळपासून ताट करून ठेवलं होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, माझी अंगठी, आणि स्वतः मुरड घातलेल्या करंज्या. संध्याकाळी ती ते ताट घेऊन गच्चीवर गेली आणि तिनं चंद्राला ओवाळलं. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, अशी आपल्याकडची रीत आहे. माझ्या लेकीला भाऊ आहे. तो रिक्षानं वीस मिनिटांवर राहतो.

त्याच रात्री मी आदेशाची नकल घेऊन पोलिसांकडे गेले. ड्यूटीवरच्या साहेबांनी नकल उलटून पाहिली आणि म्हणाले, ‘मॅडम, ये फॅमिली मॅटर है, कोर्ट जाइए.’ मी सांगितलं, कोर्टातूनच आले आहे, हा कागद कोर्टाचाच आहे. ते म्हणाले, ‘इसमें पुलिस को कोई निर्देश नहीं है.’ आणि खरंच, त्या कागदात पोलिसांना काहीही सांगितलेलं नाही. तो कागद फक्त मुलाच्या वडिलांना सांगतो, आणि त्यांनी तो ऐकायचा नाही असं ठरवलं आहे. मग वकील म्हणाले, न्यायालयाला सुट्ट्या आहेत, उघडलं की अर्ज लावू. अर्ज लागेल, नोटीस निघेल, ती ‘अदम तामील’, म्हणजे न बजावता, म्हणून परत येईल, मग दुसरी निघेल, हमदस्त घेऊन जा, म्हणजे स्वतःच नेऊन द्या, म्हणतील, मग पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, पडेल. पेशीच्या दिवशी समोरचा वकील उत्तरासाठी वेळ मागेल. हे सगळं मला पाठ आहे. तोवर होळी येईल.

साहेब, कायदा मी मुद्दाम वाचला, कारण प्रत्येक जण मला दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवत होता. कुटुंब न्यायालय अधिनियम 1984 चा. त्याचं कलम 18 म्हणतं, की या न्यायालयाचे आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे बजावायचे. म्हणजे 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता आली, तिचा आदेश 21, म्हणजे हुकूमनामे बजावण्याचा भाग, आला. त्यात उपाय दोन: मालमत्तेची जप्ती, नाहीतर दिवाणी तुरुंग. जप्ती झाली तर ती महिनोन्‌महिने तशीच राहणार. अटक हवी असेल तर ज्याला अटक करायची त्याच्या खाण्यापिण्याचा निर्वाह भत्ता आधी मी न्यायालयात भरायचा. ही माझी कल्पना नाही, संहितेत लिहिलेलं आहे. आणि मला त्यांना तुरुंगात टाकायचं आहे का? माझ्या मुलाच्या बापाला पोलीस घेऊन जाताहेत आणि ते माझ्यामुळे, हे चित्र मला माझ्या मुलाच्या डोळ्यांपुढे आणायचं आहे का? मला शनिवारचे तीन तास हवे आहेत. कायद्याकडे मला द्यायला जप्ती आहे, तुरुंग आहे, ते तीन तास नाहीत.

1973 साली रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे. बावन्न वर्षं झाली. आणि अजून मुलाच्या भेटीचा आदेश बजावायला आपल्याकडे तीच कलमं आहेत, जी शेताच्या आणि दुकानाच्या वादात लावतात.

लोक सांगतात, अवमानाची याचिका करा. तीही चौकशी केली. खालच्या न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालय देतं. म्हणजे वेगळा वकील, वेगळी फी, आणि एका वर्षाच्या आत जायचं. 1971 च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा दोन हजार रुपये आहे. कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते, पण समोरचा माणूस हात जोडून ‘माफी असावी, पुढे असं होणार नाही’ म्हणाला की प्रकरण तिथेच मिटतं, असं प्रत्येक वकिलानं मला सांगितलं. याच इंदुरात रस्त्यावर कचरा टाकला तर महापालिकेची माणसं जागेवर पावती फाडतात. स्वच्छतेत आपण 2017 पासून देशात पहिले आलो ते असंच, नियम मोडला की त्याच दिवशी कोणीतरी दारात उभं राहायचं म्हणून. केळीच्या सालीसाठी माणूस दारात येतो. न्यायाधीशाच्या आदेशासाठी कोणी येत नाही.

आता उशिराबद्दल लिहिते, कारण बाकी सगळ्यापेक्षा हे जास्त घातक आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आधी एका शनिवारी मुलाला ताप असतो. पुढच्या शनिवारी डॉक्टरचा कागद असतो. मग परीक्षा, मग क्लास, मग गावी कोणाचं तरी लग्न. दर वेळी कारण इतकं लहान असतं, की त्यावर तक्रार केली तर मीच भांडखोर दिसते. असे महिने जातात. मग कधीतरी न्यायालयातल्या त्या भेटीच्या खोलीत मुलाला आणतात. भिंतीवर सोललेली कार्टूनं, कोपऱ्यात तुटकी घसरगुंडी, दाराशी त्याची आत्या उभी. तो माझ्याकडे बघत नाही, आत्याकडे बघतो. मी आणलेला डबा उघडत नाही. दिवाळीला त्याच्यासाठी बूट घ्यायचे होते, तर त्याच्या पायाचं माप मला ठाऊक नाही. दुकानदारानं विचारलं, ‘कितने नंबर का दूँ?’ आणि मी तशीच बाहेर आले.

आणि मग समोरचा वकील उभा राहून म्हणतो, मुलालाच आईकडे जायचं नाही. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात तरतूद आहे, की मूल समजदार असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. तरतूद योग्यच आहे. पण ज्यानं आदेश मोडून मुलाला आईपासून तोडलं, त्यालाच त्या तुटण्याचा पुरावा म्हणून उपयोग करता येतो. आदेश जितका जास्त मोडाल तितकी तुमची बाजू बळकट होते. अशी व्यवस्था असेल तर कोणी आदेश का पाळावा? मला याचं उत्तर हवं आहे, साहेब, आणि ते आपल्याकडून हवं आहे.

मी एकटी नाही. न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून बसून ओळखी झाल्या. तिथे पोटगीचा आदेश हातात असलेल्या बायका आहेत, ज्यांना महिन्याचे पैसे मिळत नाहीत. पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं 144 झालं. वसुलीचं वॉरंट तेव्हाही ‘पत्त्यावर आढळला नाही’ म्हणून परत येत होतं, आजही येतं. 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीबद्दल सविस्तर निर्देश दिले, दोघांनी मिळकतीची शपथपत्रं द्यावीत इथपर्यंत. पण वॉरंट घेऊन जाणारा शिपाई तोच आहे आणि तो जाऊन येतो तोही तसाच. तिथे बापही आहेत. एक जण दर भेटीला मुलीसाठी चित्रकलेची वही आणतो आणि परत घेऊन जातो. आमच्या समाजात मला सांगतात, ‘अगं जाऊ दे, मोठा झाला की येईल आपणहून.’ मोठा झाल्यावर माणूस येतो. माझा नऊ वर्षांचा मुलगा मग मला कधीच मिळणार नाही.

लोक अदालतीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो, इतकी प्रकरणं निकाली. जोडप्यांच्या गळ्यात हार, हातात रोपटं, असा फोटो येतो. आदेश निघाला की प्रकरण निकाली. तो पाळला गेला की नाही, हा रकाना मी कुठल्याच अहवालात पाहिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं, की इजऱ्याचं, म्हणजे आदेश बजावणीचं, प्रकरण अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत संपवा. गेल्या महिन्यात त्याच न्यायालयापुढे देशभराचा हिशेब आला, तर इजऱ्याचे आठ लाखांहून जास्त अर्ज पडून होते. त्यांत सगळ्या प्रकारचे दिवाणी दावे आले. पण शेतजमीन वाट बघत बसली तर ती शेतजमीनच राहते. मूल राहत नाही.

विधी आयोगानं मे 2015 मध्ये आपला 257 वा अहवाल दिला, मुलांचा ताबा आणि पालकत्व यांवर, दोन्ही पालकांकडे मुलाचा संयुक्त ताबा कसा असू शकतो यावर. दहा वर्षं झाली. ते केंद्राचं काम आहे, असं आपण म्हणाल, मला माहीत आहे. म्हणून पुन्हा त्याच 1984 च्या अधिनियमाकडे येते. कलम 6 सांगतं, की कुटुंब न्यायालयाला मदत करण्यासाठी किती आणि कोणत्या प्रकारचे समुपदेशक, अधिकारी आणि कर्मचारी लागतील, ते राज्य शासनानं उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून ठरवायचं आणि नेमायचे. कलम 23 राज्याला नियम करायचा अधिकार देतं. हे दिल्लीचं नाही, भोपाळचं काम आहे. आपल्या टेबलावरचं.

याच वर्षी 20 मे ला, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त, आपल्या सरकारनं मंत्रिमंडळाची बैठक आमच्या राजवाड्यात घेतली. मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. महेश्वरला अहिल्याबाई रोज दरबारात बसत आणि गाऱ्हाणी स्वतः ऐकत. त्यांचं नाव घेता, तर त्यांच्या कामातलं थोडं तरी घ्या. न्यायाचा हुकूम झाला आणि तो कोणी पाळला नाही, तर त्यांनी त्या बाईला ‘पुन्हा अर्ज कर’ म्हणून परत पाठवलं असतं का?

मला फार मोठं काही नको. प्रत्येक कुटुंब न्यायालयात एक अधिकारी असा नेमा, ज्याचं कामच आदेश पाळून घेणं असेल. भेट चुकली की त्याच दिवशी त्यानं जाऊन पाहावं, न्यायाधीशांना लेखी कळवावं, आणि चुकलेले तास पुढच्या आठवड्यात आपोआप भरून मिळावेत, त्यासाठी नवा अर्ज करावा लागू नये. ताप असेल तर तो अधिकारी मुलाला बघून येईल. खरा ताप असेल तर मीच म्हणेन, राहू दे, झोपू दे त्याला. आणि पोलीस ठाण्यांना एक परिपत्रक काढा, की असा आदेश घेऊन कोणी आलं तर किमान नोंद घेऊन पोच द्यावी. तेवढी पोच माझ्याकडे असती तर पुढच्या पेशीला मी रिकाम्या हातानं उभी राहिले नसते.

आपण याचं उत्तर लेखी द्यावं ही विनंती. कलम 6 खाली इंदूरसाठी कोणती पदं मंजूर आहेत, त्यांतली किती भरलेली आहेत, आणि आदेशाच्या अंमलबजावणीची जबाबदारी त्यांतल्या कोणत्या पदावर आहे, एवढंच कळवा. हेच तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात वेगळे पाठवले आहेत. त्याला कायद्यानं तीस दिवसांची मुदत आहे. पुढच्या पेशीला ते उत्तर मी अर्जासोबत जोडणार आहे, आणि उत्तर आलं नाही तर नुसती पोच जोडणार आहे.

आपली,
दोन मुलांची आई
इंदूर, नोव्हेंबर 2025