एक बेल थांबा, दोन बेल चला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बालवाड्या सुरू झाल्या. आमच्या कोथरूडमध्ये सकाळी नऊच्या सुमारास दर दुसऱ्या स्कूटरवर पुढे एक पिल्लू उभं दिसतं. डोळ्यांवर झोप, पाठीला दप्तर, हात आरशाच्या दांडीला. सिग्नल कसा तोडायचा, फुटपाथवर गाडी कशी चढवायची, हे ही पोरं तिथे उभ्या उभ्या शिकत असतात.

मी ३१ वर्षं बस चालवली. आधी पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या जुन्या शहर बससेवेची, २००७ नंतर तिच्या जागी आलेल्या पीएमपीएमएलची. आता ड्युटी एकच, साडेतीन वर्षांची नात. तिला रस्ता घरातच शिकवायला घेतला, त्याला कारण माझीच एक जुनी चूक आहे.

१९९४ साल. डेक्कनचा स्टॉप. कंडक्टरने डबल बेल दिली, मी गिअर टाकला, आणि फुटपाथवरची गजरेवाली जिवाच्या आकांताने ओरडली. हँडब्रेक ओढून खाली उतरलो. बंपरपासून हातभर अंतरावर चारेक वर्षांचा पोरगा खाली बसून निघालेली चप्पल पायात घालत होता. माझ्या सीटवरून पुढचा अख्खा रस्ता दिसत होता, तो तेवढा दिसत नव्हता. आणि तो निवांत होता. त्याला बस दिसत होती ना, मग बसलाही आपण दिसतोच, असा त्याचा हिशोब. या वयात तसंच असतं. लपाछपीत स्वतःचे डोळे झाकून ‘मी कुठाय?’ विचारतात ती ही मुलं.

म्हणून नातीला पहिल्यांदा ड्रायव्हर केलं. डायनिंग टेबलापाशी खुर्ची, खुर्चीवर उशी, हातात स्टीलची ताटली. टेबलावर टीव्हीचं रिकामं खोकं उभं केलं. तिची बाहुली खोक्यापलीकडे जमिनीवर ठेवली. विचारलं, “बाहुली दिसते का?” “नाही.” “मग गाडी सोडायची?” तिने ताटली फिरवली, तोंडाने भुर्र केलं आणि मध्येच थांबली. खाली उतरून बाहुलीला उचलून आणलं आणि तिलाच दम भरला, “पुढे बसायचं नाही, मला दिसत नाहीस!” ‘गाडीजवळ जाऊ नकोस’ हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. त्या ताटलीने जे झालं ते माझ्या सांगण्याने झालं नव्हतं.

दुसरा खेळ बेलचा. आमच्या धंद्यात एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. आमच्या हिला न विचारता देवघरातली घंटा घेतली. हॉलमध्ये नात धावते, मी एकदा टण केलं की जागच्या जागी थांबायचं, टण टण केलं की निघायचं. लाल-हिरव्या कागदाचे गोलही करून पाहिले, पण कागद बघायला मान वर करावी लागते, बेल पाठमोरं असलं तरी ऐकू येते. पंधरा दिवसांत पोरगी अशी तयार झाली की पळता पळता एक पाय हवेत ठेवून थांबते. घंटेवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आता सायकलची जुनी घंटी आणली आहे.

चेंडूचा खेळ मात्र सगळ्यांत अवघड गेला. उंबरठा म्हणजे रस्त्याची कड. मी चेंडू मुद्दाम जिन्याकडे घरंगळत सोडायचो. तिने उंबरठ्यावर थांबून “आजोबा, चेंडू!” अशी हाक मारायची, बाहेर पाय टाकायचा नाही. दहातले आठ वेळा ती चेंडूमागे गेलीच. महिना झाला, अजूनही तीनदा जाते. रस्त्यावरचे ते तीन वेळा कोण मोजणार, म्हणून हा खेळ बंद केलेला नाही.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा, असं आपण सांगतो. साडेतीन वर्षांच्या पोरीला उजवं कळत नाही, जेवायचा हात कळतो. गॅलरीत रांगोळीचे पांढरे पट्टे ओढले. आधी जेवायच्या हाताकडे, मग दुसरीकडे, पुन्हा जेवायच्या हाताकडे बघायचं आणि मगच पहिला पट्टा. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, तिथे एकाच बाजूला पाहिलं तरी चाललं पाहिजे. पण आपण पुणेकर. तिला तिथेही दोन्हीकडे बघायला लावतो.

एवढं शिकवलं म्हणून तिला एकटं सोडलेलं नाही. एवढ्या पोराला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही, तो शिकवून लगेच येतही नाही. बाहेर पडलं की मी तिचं मनगट धरतो. बोट दिलं तर एका हिसक्यात सुटतं. आणि गाड्यांच्या बाजूला मी, आतल्या बाजूला ती.

खरी भीती मला मोठ्या रस्त्याइतकीच सोसायटीच्या पार्किंगची वाटते. आमच्याकडे रोज पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत आत येतो. मागे घेताना तो गाणं वाजवतो आणि पोरं ते ऐकून नाचत तिकडेच धावतात! टँकरवाल्याला त्याच्या आरशात टाकीच्या थेट मागचं पोर दिसणं शक्य नाही. आता मी मोबाइलवर ते गाणं लावलं की नात भिंतीला पाठ टेकवून उभी राहते. खालच्या आणखी चार पोरांनाही खाऊच्या बोलीवर हा खेळ लावलाय.

आता आई-बाबांविषयी. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांपुढे तर हेल्मेट कायद्यानेच आलं. मुलगी हेल्मेट घालत नाही, रडते, अशी तक्रार ऐकतो. आमची नात आठवडाभर हेल्मेट घालून वरणभात जेवली, मग रडणं संपलं. पण नातीच्या बालवाडीबाहेर दुपारी बारा वाजता या. गाड्या दोन-दोन रांगांत लावलेल्या, आणि मुलं त्या रांगांच्या फटीतून बाहेर काढली जातात. कारचं दार उघडतं तेही रस्त्याच्या बाजूचं. फुटपाथच्या बाजूने उतरवायला चार पावलं जास्त पडतात, तेवढीही कुणाला नको आहेत. बाईंना मी म्हटलं, पालक शंभर फूट अलीकडे थांबू देत आणि मुलं रांगेने चालत येऊ देत. “पालक ऐकत नाहीत हो,” म्हणाल्या. मी पुन्हा जाणार आहे.

परवा मुलगा नातीला स्कूटरवरून आणत होता. सिग्नल लाल, आकडा पाचवर आलेला, समोर रस्ता मोकळा. त्याने गाडी हळूच पुढे सरकवायला घेतली. पाठीला बांधलेली नात एकदम ओरडली, “टण!” एकदाच. तो थांबला. मागचे हॉर्न वाजवत राहिले, पण हिची दुसरी बेल हिरवा लागल्यावरच आली. घरी आल्यावर हेल्मेट काढता काढता मला म्हणाला, “अण्णा, तुमच्या कंडक्टरला जरा समजावा.”

मी अजून समजावलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त बसचालक
कोथरूड, पुणे