रात्री दोन चाळीस

सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. राग नव्हता आला. तुझं बरोबरच होतं. 'आज रात्री वीज कापली जाईल' असा मेसेज आला की त्यातल्या नंबरवर फोन करायचा नसतो आणि पलीकडचा सांगेल ते अ‍ॅप तर मुळीच घ्यायचं नसतं. मी दोन्ही केलं. साडेचार हजार गेले ते गेले, पण तुझ्यापासून दोन दिवस लपवलं याचं जास्त वाईट वाटतं. तू म्हणालीस तसा १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, बँकेतही जाऊन आलो. माईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

एक विचारायचं होतं. मंगळवारी रात्री दोन चाळीसला तू ऑनलाइन दिसलीस. ड्यूटी होती का? असो.

'बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही' म्हणालीस ना, म्हणून वाचनालयात ज्येष्ठांसाठी वर्ग आहे तिथे नाव घातलं. शंभर पानी वही केलीय. वायफाय म्हणजेच इंटरनेट असं मी धरून चाललो होतो. तर वायफाय म्हणजे आपल्या कपाटावरच्या डब्यापासून मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त; त्या डब्याच्या पलीकडे वायरी, केबल, पार समुद्राच्या तळापर्यंत. आणि मजकूर अख्खा जातच नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक असतो, सापडेल त्या वाटेने ते जातात आणि तिकडे पुन्हा क्रमाने लागतात. एखादा हरवला तर तेवढाच परत मागवतात. हे ऐकताना माझे हात शिवशिवायला लागले गं. पंधरा वर्षं प्रेसमध्ये मी दुसरं काय केलं? खणांच्या केसमधून शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये ओळ जुळवायची, चुकला तर तेवढाच बदलायचा. मी उठून सांगितलं सगळ्यांना, माझी मुलगी बंगळुरूला हेच काम करते, हे तुकडे नीट पोचतात की नाही ते बघते. बरोबर सांगितलं ना?

'पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही' हे लाल पेनने लिहून ठेवलंय. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं म्हणजे मधल्या मधे कोणी वाचत नाही एवढंच, समोरचा चोर नाही असं नव्हे, हेही. वीजबिल आता महावितरणच्या अ‍ॅपमधूनच भरतो. हयातीचा दाखला घरबसल्या दिला, मोबाइलसमोर चेहरा धरून, डोळे मिचकावून.

तूही जप. नव्या फ्लॅटचे फोटो टाकलेस त्यात दारावरचा नंबर दिसतो, खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते. एकटी राहतेस. कोण बघत असेल काय सांगावं? रात्री-अपरात्री जागतेस, जेवतेस कधी... बघ, परत सुरू झालो. तू या विषयातली, आणि मी तुला शिकवतोय. माफ कर.

२०१२ चा दहावीचा निकाल आठवतो? टिळक रोडच्या सायबर कॅफेत आपण दोघं एका स्टुलावर. पान काही उघडेना. तू माझं बोट धरून ठेवलं होतंस, तळहात ओला झाला होता तुझा. मग वरून हळूहळू उतरत आधी नाव आलं, त्यात 'मुक्ता' नीट लिहिलंय का ते मी आधी पाहिलं, आणि मग टक्के. तू ओरडलीस. तो छापील कागद देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. शाई उडत चाललीय, आकडे मात्र वाचता येतात.

काल पुन्हा पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. ड्यूटी असेल तर तसं कळव, म्हणजे मी झोपेन. आणि ड्यूटी नसेल, झोपच येत नसेल, तर फोन कर. कितीही वाजलेले असू देत. मी जागाच असतो.

तुझा,
बाबा

ता. क. ते 'लास्ट सीन' लपवता येतं असं वर्गात सांगितलं. तेवढं करू नकोस.