मालवणच्या लाटेसाठी बोट निवडताना

रत्नागिरी
१२ ऑक्टोबर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

गळाच्या मासेमारीसाठी तू बघितलेल्या तीनही बोटींचे फोटो आणि कागद नीट पाहिले. तिन्ही २२ फुटी, फायबरच्या, आऊटबोर्डवाल्या (मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या). एकीचं बूड २३ अंशांचं खोल व्ही, म्हणजे मागच्या टोकाला बुडाच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेपासून २३ अंश चढलेल्या; दुसरीचं १८ अंशांचं; तिसरी कॅटामरान, म्हणजे दोन बुडांची आणि मध्ये बोगदा असलेली. लाटेत कुठली टिकेल असं तू विचारलंस. माझं मत दुसरीला आहे, पण आतली मांडणी बदलून घ्यायची असेल तरच. आहे तशी ती घेऊ नकोस.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, पण समुद्र तारीख पाहून निवत नाही. ऑगस्टमध्ये उसळी असतेच, आणि पुढे हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की आखूड, उभी लाट तयार होते. तिचा कालावधी ४ सेकंद धर. अशा दोन लाटांत अंतर साधारण २५ मीटर आणि लाटेचा वेग १२ नॉट (ताशी सागरी मैल). निवतीच्या खडकाकडून तू १८ नॉटने लाटेच्या तोंडावर परत निघालास, तर दर दीड-पावणेदोन सेकंदाला एक लाट नाळीखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली येणार. एका आपटीतून बोट सावरते न सावरते तोच दुसरी. म्हणून इन्कॉइसचा (सरकारी सागरी माहिती केंद्राचा) लाटांचा अंदाज बघताना उंचीबरोबर कालावधीही बघ. १० सेकंदांची दीड मीटर लाट सोसते, ४ सेकंदांची एक मीटर माणसाला मोडते.

खोल व्हीचं नाव रे हंट या अमेरिकी बोट-रचनाकाराच्या बोटीने झालं. १९६० साली मायामी ते नासाऊ शर्यत डिक बर्ट्रामच्या ३१ फुटी 'मॉपी'ने खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि पुढे सगळं जग त्या बुडामागे लागलं. पण ती ३१ फुटांची, वजनदार बोट होती. तेच बूड २२ फुटांवर आणलं की तीन किमती मोजाव्या लागतात. इंजिन मोठं लागतं. बोट उभी असताना डोलते, आणि गळ टाकून बसायचं म्हणजे निम्मा दिवस उभंच राहायचं. तिघं एका बाजूला आले की कड खाली जाते. तिसरी किंमत कोणी सांगत नाही: आडव्या वाऱ्यात खोल व्ही वाऱ्याकडे झुकून चालते. झुकली की धार बाजूला राहते आणि बुडाचा सपाट पत्रा लाटेवर पडतो. माणूस म्हणतो, २३ अंशांची बोट असून आपटते कशी? आपटते ती अशी. ट्रिम टॅब (बोटीच्या मागे बुडाशी दोन बाजूंना लावलेल्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्या) लावल्यावर वाऱ्याकडचा, म्हणजे खाली गेलेल्या बाजूचा टॅब दाबला की बोट सरळ होते.  टॅबशिवाय कुठलीच बोट घेऊ नकोस.

विकणाऱ्याच्या अंशांवर विसंबू नको, स्वतः मोज. बोट ट्रॉलीवर असताना ट्रान्समपाशी, म्हणजे मागच्या उभ्या फळ्याशी, एका चाईनपासून (बूड आणि बाजू जिथे मिळतात ती कड) दुसऱ्या चाईनपर्यंत दोरी ताण. दोरीपासून खाली पठाणापर्यंतचं (बुडाच्या मधल्या कण्यापर्यंतचं) अंतर घे आणि त्याला चाईनमधल्या रुंदीच्या निम्म्याने भाग; येतो तो कोनाचा टॅन, त्यावरून अंश काढ. निम्मी रुंदी ९० सेंटिमीटर असेल तर १८ अंशांना अंतर २९ येतं, २३ अंशांना ३८. १९-२० च्या आसपास आलं तर ते बूड १२ अंशांचं आहे. ते खाडीत ठीक, बाहेर नाही. मग नाळीच्या पहिल्या तिसऱ्या भागात बूड किती धारदार आहे ते बघ. तोंडावरची लाट तिथे फुटते. ट्रान्समचा आकडा त्या भागाबद्दल काहीच सांगत नाही.

वाईट समुद्रात बोट १२-१३ नॉटला प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून सरकत, टिकते का, याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. खोल व्ही या वेगाला नाक वर करून बसते. वेग वाढवला तर आपटते, कमी केला तर ६-७ नॉटने रांगते. १८ अंशांची, फार रुंद नसलेली बोट टॅब दाबून आणि इंजिनाला चार पात्यांचा पंखा लावून १२ ला आरामात राहते. नवा पंखा पिचमध्ये (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल त्या मापात) साधारण एक इंच कमी घे.

कॅटामरान तोंडावरच्या लाटेत खरंच मऊ चालते आणि उभी असताना स्थिर असते. पण तिला वजन सोसत नाही. बर्फ, मासे आणि पाच माणसं चढली की बोगद्याचं छत पाण्याजवळ येतं आणि लाट खालून धाडकन बसते. शिवाय दोन इंजिनं, दोन्हींचा खर्च. तुझ्या भरगच्च कामाला ती नको.

आता मांडणी. दुसऱ्या बोटीचा कन्सोल (सुकाण आणि इंजिनाची कळ बसवलेला चौथरा) फार पुढे आहे. नाळीकडे जावं तसा धक्का वाढतो. सुकाणवाल्याचे पाय ट्रान्समपासून अडीच मीटरच्या आसपास हवेत, आणि बसायला खुर्ची नको, उभं राहून टेकायला लीनिंग पोस्ट हवा. गुडघे धक्का खातात, कणा वाचतो. २०० लिटरची पेट्रोलची टाकी भरल्यावर दीडशे किलोची होते. ती मध्यावर, फळीखाली (आपण उभे राहतो त्या तळाखाली) असली की रिकामी होताना बोटीचा तोल बदलत नाही. बर्फपेटी त्यांनी नाळीत दिलीय, ती कन्सोलच्या मागे आण. नाळीत शंभर किलो ठेवून मागून लाट आली तर नाक पाण्यात घुसतं.

त्याच बोटीचा ट्रान्सम इंजिनासाठी कापलेला आहे, त्यावर कसलीही तडजोड करू नको. इंजिनापुढे पूर्ण उंचीची भिंत आणि तिच्यामागे स्वतः निचरणारी मोटरवेल (इंजिनाचा खोलगा) असली पाहिजे. १० चौरस मीटर फळीवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते एका कडेला धावलं की बोट उलटते. चाचणी सोपी आहे: टाकी भर, चार माणसं मागच्या कोपऱ्यात उभी कर आणि स्कपरकडे (फळीवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांकडे) बघ. पाणी आत आलं तर फळी खाली बसवलीय, बोट सोडून दे. बिल्ज पंप (बुडातलं पाणी उपसणारे) दोन हवेत, एक फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा), फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडलेला. ताशी ७५०० लिटर लिहिलेला पंप लांब पाइप आणि बारीक वायरमुळे बरंच कमी उपसतो, म्हणून वायर जाड घे.

देवबागच्या संगमाबद्दल वेगळं लिहितो, कारण तिथे चांगली बोटही बुडते. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून लाट आली की ती आखूड होऊन फुटते. भरतीची वाट बघ, उधाणाच्या ओहोटीत तर शिरूच नको. आत येताना इंजिन थोडं वर तिरकं (ट्रिम) कर म्हणजे नाक हलकं राहील, टॅब पूर्ण वर घे, आणि एका लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने ये. पुढची लाट ओलांडायची घाई केली की बोट उतारावरून घसरते, नाळ रुतते आणि मागचा भाग फिरून बोट आडवी पडते. बाहेर जाताना उलट: इंजिन खाली, वेग कमी, धार लाटेत.

पाण्यावरची चाचणी दुपारी तीननंतरच मागायची. सकाळच्या तेलासारख्या समुद्रावर प्रत्येक बोट चांगलीच वाटते. पाच माणसं आणि भरलेली टाकी घेऊन जा. तोंडावर, आडवी आणि मागून, तिन्ही दिशांना १२ नॉटला चालव. मग इंजिन बंद करून अर्धा तास आडवी वाहू दे. आंग्रिया बँकेचं बोलत होतास. १०० किलोमीटरहून दूर आहे ती, या तिघींपैकी एकीलाही तिकडे नेऊ नको.

तुझ्या होडीबांध्याला विचार, कन्सोल आणि ट्रान्सम बदलायला किती दिवस आणि किती पैसे लागतील. दोरीचं माप आणि स्कपरच्या चाचणीचा निकाल कळव, मग किमतीचं बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत