बाबांच्या नावापुढचा शब्द

देवगड,
नारळी पौर्णिमा

प्रिय बाळ्या,

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं, त्यानंतर तुला एक अक्षर कळवलं नाही. रागावू नकोस. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर आटोक्यात. बाकी सगळे बरे.

आज बंदरावर नारळ सोडायला गेलो होतो. दरवर्षी बाबा पुढे आणि मी मागे असायचो. यंदा नारळ माझ्या हातात होता आणि खिशात एक कागद.

मृत्यूच्या नोंदीच्या अर्जाची ती प्रत. मयताचा व्यवसाय, या रकान्यात कार्यालयातल्या माणसानं लिहिलंय 'मजूर'. मी म्हटलं, ते तांडेल होते, गलबत चालवणारे. तो म्हणाला, असं काही यादीत नाही, हवं तर खलाशी लिहितो. माझ्या मागे रांग होती. मी सही केली. तेव्हापासून धड झोप नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मला पडतो रे.

हे तुलाच का लिहितोय ते तू ओळखलंच असशील. आठवीत गुरुजींनी वडिलांचा धंदा विचारला आणि मी 'कप्तान' म्हटलं. तू मागून ओरडलास, 'कप्तान कसलो, तांडेल तो!' सगळा वर्ग हसला आणि तुझी कंपासपेटी विहिरीत गेली. तू सहा महिने बोलला नाहीस. आज मी त्याच शब्दासाठी भांडतोय, जो तेव्हा मला कमी वाटला होता.

अकराव्या वर्षी बाबा गलबतावर भात शिजवायला चढले आणि सव्विसाव्या वर्षी तांडेल झाले. मंगळूरहून कौलं भरायची, मुंबईला उतरवायची, परतताना मीठ. सांगायला सोपं आहे. पण आपल्या किनाऱ्याला पावसाळा सोडला तर दिवसाचा वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे मुंबईला जाताना तोंडावरच. मग पहाटेची मतलई धरायची, जमिनीवरून सुटणाऱ्या त्या वाऱ्यावर बाहेर सरकत उत्तरेला जायचं, आणि दुपारी दर्याकडचा वारा आला की तिरकं पुन्हा किनाऱ्याकडे यायचं. शिसाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून ते दोरीनं खाली सोडायचे. तळाची वाळू नाहीतर चिखल चिकटून येई. तो बोटांत चोळून बाबा अंधारातही सांगायचे कुठे आहोत ते. वेंगुर्ल्याच्या खडकांजवळून जाताना तर सगळे खलाशी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. पुढे मालकानं इंजिन बसवलं, तेव्हा बाबा उतरले ते कायमचे.

तुला २०१० चा मे आठवतो? कमांडर दिलीप दोंदे एकट्यानं शिडाच्या बोटीतून जग फिरून मुंबईला परतले होते. असा पहिला भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला निघालेले. 'म्हादई' ५६ फुटांची, आपल्या शेजारी गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. ही सगळी कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची. मी बाबांना बातमी वाचून दाखवली. पहिला प्रश्न काय? 'तो निजलो काय सुकाणू कोण धरता?' वाऱ्याच्या दिशेनं सुकाणू वळवणारं यंत्र असतं म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग वाटेतली बंदरं विचारली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन. 'चार ठिकाणी नांगर टाकल्यान? बरा केल्यान.' तो फोटो कापून त्यांनी होकायंत्राच्या डब्यात ठेवला. काल तो डबा उघडला. फोटो पिवळा पडलाय, होक्याची सुई अजून उत्तर दाखवते.

तुझ्या लेकीच्या लग्नाला नक्की येतो. घर विकलंस ते बरं केलंस, इतके जिने आता कशाला?

तर विचारायचं हे की दुरुस्तीचा अर्ज करू का? 'खलाशी' लिहून घेतलं तर लगेच होईल म्हणतात. पण सुकाणू धरणाऱ्याला शीड ओढणारा म्हणायचं? खलाशी कमी नव्हेत, बाबांनीच मला तसं बोलू दिलं नसतं. पण काम वेगळं रे. रात्रभर दहा माणसांचा जीव एकट्याच्या डोळ्यांवर.

तुला हे माहीत आहे. दहावीच्या सुट्टीत बाबांच्या गलबतातून विजयदुर्गला निघालो होतो, नानीचे सगळे लाडू तू दर्याला वाहिलेस (माशांची दिवाळी झाली असणार!), आणि मध्यरात्री बाबांनी तुलाच उठवून सुकाणूवर बसवलं. मला नाही, तुला. मी किती दिवस जळत होतो. 'ध्रुव नाळेवर ठेव, बाकीचा मी बघतंय.' नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक, हेही तुला तेव्हाच कळलं. तू पहाटेपर्यंत हलला नाहीस. ओकारीही थांबली.

तांडेल म्हणजे काय ते तू चार ओळींत लिहून सहीनिशी पाठव. अर्जाला जोडतो. सोमवारी पुन्हा त्या खिडकीपाशी जाणार आहे, त्याआधी पोचव.

तुझा,
दाद्या