संधिवाताच्या रुग्णांना लस कोण सुचवणार?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात फ्लू बळावतो, हे आता आपल्याकडे दरवर्षीचेच झाले आहे. गरोदर माता, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना फ्लूची लस मोफत देण्याची सोय राज्याच्या सरकारी रुग्णालयांत आहे. ही सोय चांगलीच आहे. पण आमवात, ल्यूपस किंवा मणक्याच्या संधिवाताच्या रुग्णांची आठवण कुणाला होत नाही. या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. तिला आवरण्यासाठी दिलेल्या औषधांनी जंतूंशी लढण्याची ताकदही घटते.

माझ्या थोरल्या बहिणीला बरीच वर्षे आमवात आहे. सकाळी तासभर तिची बोटे वळत नाहीत, कुकरचे झाकण लावायला मुलीला हाक मारावी लागते. रविवारी प्रतिकारशक्ती दाबणारी मेथोट्रेक्सेटची गोळी, सोमवारी फॉलिक ॲसिड, शिवाय रोजची स्टेरॉइडची छोटी गोळी. रक्ताच्या तपासण्या न चुकता होतात, पण लसीचा विषय कधी कुणी काढला नाही. तिने स्वतःहून विचारले, तर जवळच्या दवाखान्यात उत्तर मिळाले, 'तुम्हाला लस नको, आजार उफाळेल.' पुढे तिला नागीण झाली. फोड वाळले, पण त्यानंतर कित्येक महिने बरगडीला कपड्याचा स्पर्शही तिला सोसत नव्हता.

लसीबाबत सावधगिरी हवी, हे मान्य. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या किंवा नाकात फवारायच्या फ्लूच्या लसी सहसा टाळतात, कारण त्यांत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. फ्लूचे नेहमीचे इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, हेपॅटायटिस बीची लस यांत तसे काही नसते. २०२३ पासून भारतात मिळू लागलेली नागिणीची लसही याच प्रकारची. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतील संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना या रुग्णांनी लसी घ्याव्यात असेच सांगतात. मग 'लस नको' हे सरसकट उत्तर अजून का दिले जाते?

खरा प्रश्न वेळेचा आहे. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिल्यानंतर काही महिने लसीला शरीर जेमतेम प्रतिसाद देते. त्यामुळे शक्य तिथे लसी आधीच उरकलेल्या बऱ्या. आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावे, असे अमेरिकेच्या सूचनांत आहे. पण हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा. रुग्णाने मनानेच गोळी बंद केली, तर सांधे पुन्हा सुजायला वेळ लागत नाही. म्हणून निदान होताच, जड औषधे सुरू करण्यापूर्वी, कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या घ्यायच्या हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले गेले पाहिजे. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत आणि रुग्ण तालुक्याच्या गावी, अशी स्थिती असताना गावातल्या डॉक्टरांना ती नोंदच दिशा देईल.

राहिला खर्च. नागिणीच्या लसीचे दोन डोस सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहेत. तिची किंमत कमी होईल तेव्हा होईल. फ्लूच्या लसीचे तसे नाही, तिची मोफत योजना आधीच चालू आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांचा त्या यादीत समावेश करावा आणि लस पावसाळ्यापूर्वीच केंद्रांवर पोहोचवावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सांगली